गाणे, व्हिडिओ आणि कव्हर : विद्यार्थी-प्रकल्पाची पूर्वतयारी कशी करावी

मुंबई विद्यापीठाच्या बीएएमएमसीसारख्या माध्यम-अभ्यासक्रमांत, उपयोजित कलेच्या वर्गांत किंवा केंब्रिज मंडळाच्या ए लेव्हल मीडिया स्टडीज विषयात विद्यार्थ्यांसमोर कधी ना कधी असे काम येते की, एका गाण्याचा व्हिडिओ करायचा आणि त्याच्याच जोडीला अल्बमचे कव्हर तयार करायचे. काम हौसेचे असल्यामुळे बहुतेक गट पहिल्याच आठवड्यात कॅमेरा कोणाचा आणायचा यावर वाद घालू लागतात. प्रस्तुत लेख त्या वादाच्या आधी करायच्या कामाविषयी, म्हणजे संशोधन आणि नियोजन यांविषयी आहे. संशोधन म्हणजे इंटरनेटवरून गोळा केलेल्या चित्रांची जाडजूड फाइल नव्हे. जी नोंद एखाद्या निर्णयापर्यंत पोहोचत नाही ती कितीही सुंदर असली तरी प्रकल्पाच्या दृष्टीने निरुपयोगी असते. त्यामुळे सुरुवातीलाच एक वही घालावी आणि तिच्यातील प्रत्येक नोंदीखाली ‘म्हणून आम्ही…’ अशी सुरू होणारी एक ओळ लिहिण्याची शिस्त गटातील सर्वांनी पाळावी. परीक्षकांना दाखवायच्या अहवालाचा मोठा भाग या ओळींतूनच तयार होतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

गाणे कोणाचे, हक्क कोणाचे

गाणे निवडताना ते आवडते का, हा प्रश्न दुसरा. ते वापरता येईल का, हा पहिला. भारतातील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार एका ध्वनिमुद्रित गाण्यात किमान तीन वेगवेगळे हक्क असतात : शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल यांवरील हक्क कवीच्या किंवा संगीतकाराच्या हयातीत आणि त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे टिकतो. यात नवख्यांची हमखास फसगत होते ती अभंगांच्या बाबतीत. तुकारामांचा अभंग सतराव्या शतकातला असल्यामुळे त्याचे शब्द कोणीही वापरू शकतो. परंतु त्या अभंगाला अलीकडच्या काळात एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल आणि एखाद्या कंपनीने केलेले ध्वनिमुद्रण यांवर त्यांचा हक्क असतो. अभंगच घ्यायचा असेल तर त्याला गटाने स्वतः चाल लावावी. अभ्यासापुरत्या वापरासाठी कायद्यात काही सवलती आहेत हे खरे, पण तोच व्हिडिओ सार्वजनिक केला की त्या सवलतींवर विसंबून राहता येत नाही, आणि यूट्यूबची स्वयंचलित तपासणी तुमचा हेतू शैक्षणिक आहे की नाही हे पाहत बसत नाही.

सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे महाविद्यालयातील एखाद्या बँडचे किंवा गाणाऱ्या मैत्रिणीचे स्वतःचे गाणे घेणे. शहरात असे गाणारे पुष्कळ आहेत आणि फुकट व्हिडिओ कोणाला नको असतो! तरीही ओळखीवर न विसंबता एका पानाचे संमतिपत्र लिहून घ्यावे. त्यात कवी, संगीतकार, गायक आणि ध्वनिमुद्रण करणारी व्यक्ती यांची नावे असावीत. व्हिडिओ कोठे दाखवता येईल, कव्हरवर कोणाचे छायाचित्र येईल आणि गाण्याची अंतिम, मिक्स केलेली (म्हणजे सर्व आवाज आणि वाद्ये एकत्र जुळवलेली) फाइल कोणत्या तारखेला मिळेल हेही नमूद करावे. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण चित्रीकरण एका मिक्सवर आणि संकलन दुसऱ्या मिक्सवर झाले, आणि दरम्यान संगीतकाराने एखादा सुरांचा तुकडा चार सेकंदांनी वाढवला, तर ओठांची हालचाल आणि शब्द यांची सांगड पुन्हा घालणे फार कष्टाचे होते.

लांबीबद्दल एक सल्ला : साडेतीन ते चार मिनिटांपेक्षा मोठे गाणे पहिल्या प्रकल्पासाठी घेऊ नये.

गाण्याचा तक्ता

संपूर्ण पूर्वतयारीत सर्वाधिक वेळ द्यावा असा हा टप्पा आहे आणि नेमका हाच सर्रास वगळला जातो. उदाहरण म्हणून असे समजू की, गटातील एका मुलीने लिहिलेले आणि स्वरबद्ध केलेले गाणे गिरगावातील चाळीतले बिऱ्हाड बदलापूरला हलवण्याविषयी आहे. गाण्याची लांबी ३ मिनिटे ४० सेकंद, ठेका केरव्याच्या अंगाचा आणि लय मिनिटाला ९६ मात्रांची आहे. म्हणजे एक मात्रा ०.६२५ सेकंदांची आणि आठ मात्रांचे एक आवर्तन बरोबर ५ सेकंदांचे झाले. संपूर्ण गाण्यात अशी ४४ आवर्तने बसतात. मोठ्या कागदावर किंवा संगणकावरील तक्त्यात ४४ ओळी आखाव्यात आणि प्रत्येक ओळीत वेळ, त्या आवर्तनात येणारे शब्द, ऐकू येणारी वाद्ये आणि आधीच्या आवर्तनापेक्षा झालेला बदल यांची नोंद करावी. शेवटचा रकाना ‘काय दिसेल’ असा असावा आणि तो या टप्प्यावर जाणीवपूर्वक कोरा ठेवावा.

गाणे इतके बारकाईने ऐकल्यावर काही गोष्टी आपोआप उघड होतात. ध्रुवपद चार वेळा येत असेल, पण तिसऱ्या वेळी ढोलकी थांबून फक्त हार्मोनियम उरत असेल, तर व्हिडिओतील सर्वांत मोठा बदल तेथे करायचा हे गाण्यानेच सांगितलेले असते. पहिल्या कडव्यात सामानाची यादी असेल आणि दुसऱ्या कडव्यात शेजाऱ्यांचा उल्लेख असेल, तर वस्तू आणि माणसे असा क्रमही तयार मिळतो. दोन कडव्यांमधील वाद्यांच्या तुकड्यात शब्द नसतात, म्हणून कथा पुढे सरकवण्यासाठी ती जागा राखून ठेवता येते. त्या वेळी गायिकेचे ओठ दिसण्याची गरज नसते आणि संकलकाला मोकळीक मिळते.

भारतात व्हिडिओसाठी सेकंदाला २५ फ्रेम हा वेग प्रचलित असल्यामुळे वरील उदाहरणातील एका आवर्तनात १२५ फ्रेम येतात. हा हिशेब संकलनाच्या वेळी उपयोगी पडतोच, पण नियोजनातही पडतो, कारण त्यामुळे शॉटची लांबी ‘जरा लहान’, ‘थोडा मोठा’ अशा मोघम शब्दांत न सांगता अर्धे आवर्तन, दोन आवर्तने अशी सांगता येते. मात्र प्रत्येक कट समेवर पडलाच पाहिजे असा हट्ट धरू नये. सगळे कट ठेक्यावर पडले की मिनिटभरात प्रेक्षकाला पुढचा कट आधीच कळू लागतो.

इतरांचे व्हिडिओ पाहण्याची पद्धत

प्रेरणा म्हणून पन्नास व्हिडिओ पाहण्यापेक्षा पाच-सहा व्हिडिओ नीट सोडवून पाहावेत. त्यांपैकी निम्मे आपल्या गाण्याच्या जातकुळीचे आणि निम्मे अगदी वेगळ्या प्रकारचे असावेत. मराठी स्वतंत्र बँडचा, हिंदी पॉपचा, धारावी-कुर्ल्याकडील रॅपचा आणि एखादा परदेशी, असे मिश्रण चांगले. प्रत्येक व्हिडिओ एकदा आवाजासह, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून अनुभवावा. आवाज बंद केल्यावर कथा समजते का, किती ठिकाणे वापरली आहेत, गायक कॅमेऱ्याकडे पाहतो की कोणा पात्राकडे, एका मिनिटात किती कट येतात आणि बँडचे नाव किंवा ओळख ठसवणारी कोणती वस्तू पुन्हा पुन्हा दिसते, याच्या नोंदी कराव्यात.

शब्द आणि चित्र यांच्या नात्याविषयी अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने केलेली मांडणी माध्यमांच्या वर्गांत नेहमी शिकवली जाते : चित्र कधी शब्दांचा अर्थ सरळ दाखवते, कधी त्या अर्थात भर घालते, तर कधी त्याच्याशी फारकत घेते. ही मांडणी अहवालात केवळ उद्‌धृत करून गुण मिळवण्यापेक्षा तक्त्यातील प्रत्येक कडव्याला लावून पाहावी. ‘ट्रंक उचलली’ या शब्दांवर ट्रंक उचलतानाच दाखवायची की रिकाम्या भिंतीवर उरलेला कॅलेंडरचा चौकोनी डाग दाखवायचा, हा खरा निर्णय आहे. माझ्या मते नवखे गट पहिला प्रकार गरजेपेक्षा फार जास्त वापरतात.

प्रेक्षकांच्या पाहणीविषयीही थोडे सांगायला हवे. ‘तुम्हाला असा व्हिडिओ आवडेल का?’ असा गुगल फॉर्म वर्गाच्या ग्रुपवर टाकला की सगळे ‘होय’ म्हणतात आणि हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी आठ-दहा जणांना गाणे केवळ ऐकवावे आणि कोणती जागा, दिवसाची कोणती वेळ, कोणता रंग डोळ्यांसमोर आला ते विचारावे. बहुतेकांना संध्याकाळ दिसली आणि तुमच्या मनात सकाळ असेल, तर एक तर मत बदलावे, किंवा सकाळच का हे स्वतःला तरी पटवून देता आले पाहिजे.

कव्हरचे संशोधन : हातात घेऊन पाहणे

कव्हरचा अभ्यास पडद्यावरच करू नये. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कोलंबिया कंपनीच्या ॲलेक्स स्टाइनवाइस यांनी रेकॉर्डच्या अल्बमांवर चित्रमय कव्हरे करायला सुरुवात केली. त्यापूर्वी रेकॉर्डी बहुतांशी साध्या वेष्टनात विकल्या जात. पुढे एलपी रेकॉर्डच्या वेष्टनाच्या सुमारे बारा इंची चौकोनाने चित्रकारांना ऐसपैस जागा दिली, कॅसेटने ती उभी आणि चिंचोळी केली, सीडीने १२ सेंटिमीटरचा चौकोन दिला आणि आता फोनवरील यादीत तेच चित्र नखाएवढे दिसते. प्रत्येक वेळी आकार बदलला तसे अक्षरांचे आणि चेहऱ्यांचे प्रमाणही बदलले. हे समजून घ्यायचे असेल तर घरातील माळ्यावरच्या कॅसेटी उतरवाव्यात आणि एखाद्या दुपारी चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर फेरी मारावी, कारण तेथे जुन्या रेकॉर्डी आणि सिनेमांची पोस्टरे हाताळायला मिळतात. (काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झाले, नाहीतर पहिला पत्ता तोच दिला असता.) पेडर रोडवरील गुलशन महल आणि त्याशेजारच्या इमारतीत २०१९ साली सुरू झालेले राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालयही दृश्यशैलींच्या अभ्यासासाठी उपयुक्त आहे.

मराठी अक्षरांसाठी तर हे शहर म्हणजे उघडी शाळाच आहे. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी केलेले अक्षरांकन जुन्या वृत्तपत्रांच्या फायलींत आणि दादरच्या ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी शोधून पाहावे; नाटकाची प्रकृती केवळ अक्षराच्या वळणातून कशी सांगता येते याचा तो वस्तुपाठ आहे. गिरगाव-लालबागमधील जुन्या दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या, बेस्टच्या बसवरील देवनागरी आकडे, टेम्पोच्या पाठीवरील नावे यांची छायाचित्रे काढून वहीत लावावीत. आपल्या उदाहरणात तर याचा थेट उपयोग होतो, कारण कोकणातून आलेल्या कुटुंबांच्या पत्र्याच्या ट्रंकांवर मालकाचे नाव आणि गावाचे नाव रंगाने लिहिलेले असे. ‘म्हणून आम्ही’ गाण्याचे नाव त्याच पद्धतीने, ट्रंकेच्या झाकणावर, पेंटरच्या हातच्या अक्षरांत लिहू, हा निर्णय येथे तयार होतो.

व्हिडिओ आणि कव्हर यांना जोडणारा धागा

दोन्ही कामे वेगवेगळ्या मुलांकडे सोपवली की ती वेगवेगळ्या गाण्यांची वाटू लागतात. ते टाळण्यासाठी तीन गोष्टी आधीच ठरवाव्यात : एक वस्तू, दोन-तीन रंग आणि एक अक्षरशैली. आपल्या उदाहरणात वस्तू म्हणजे ती ट्रंक. रंग म्हणजे ट्रंकेचा हिरवा, चाळीच्या लाकडी कठड्याचा तपकिरी आणि गायिकेच्या ओढणीचा पिवळा. आणि अक्षरे पेंटरच्या वळणाची. यानंतर कपडे, पडदे, पार्श्वभूमी निवडताना हे रंग बाधित होणार नाहीत याची काळजी घेता येते. कव्हरचे छायाचित्र चित्रीकरणाच्या दिवशीच, पण व्हिडिओच्या फ्रेममधून उचलून न घेता, स्वतंत्रपणे काढावे. पूर्ण एचडी व्हिडिओची फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची असते आणि तिच्यातून कापलेला चौकोन जास्तीत जास्त १०८० पिक्सेलचा होतो, तर स्ट्रीमिंग सेवांसाठी सामान्यतः ३००० बाय ३००० पिक्सेलचे कव्हर देतात. दिवसाच्या वेळापत्रकात कव्हरसाठी अर्धा-पाऊण तास वेगळा लिहिला नाही तर तो कधीच मिळत नाही.

आता तक्त्यातील ‘काय दिसेल’ हा रकाना भरायला घ्यावा. आधी एका परिच्छेदात संकल्पना लिहावी, नंतर शॉट डिव्हिजन, म्हणजे कोणता शॉट कोठे येईल याची विभागणी, करावे आणि अवघड वाटणाऱ्या जागांचीच चित्रे, म्हणजे स्टोरीबोर्ड, काढावीत. चित्रकला येत नाही ही सबब चालत नाही. काड्यांची माणसे आणि बाण पुरतात. त्याहून उपयुक्त म्हणजे फोनवर काढलेली छायाचित्रे गाण्याखाली लावून केलेला कच्चा व्हिडिओ. त्यात जी जागा कंटाळवाणी वाटते ती प्रत्यक्ष चित्रीकरणानंतरही तशीच वाटण्याची शक्यता दाट असते.

जागा, परवानग्या, ऊन आणि भरती

मुंबईत विद्यार्थ्यांचे चित्रीकरण कॅमेऱ्यामुळे क्वचित अडते. ते अडते सुरक्षारक्षक, पाणी आणि उन्हामुळे. त्यामुळे प्रत्येक जागेची रेकी, म्हणजे आधी जाऊन केलेली पाहणी, ज्या वेळी चित्रीकरण करायचे त्याच वेळी आणि शक्यतो त्याच वारी करावी. रविवारी सकाळी शांत असणारी फोर्टमधील गल्ली सोमवारी ओळखू येत नाही.

सार्वजनिक जागेत हातात फोन घेऊन काढलेल्या दृश्यांकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण तिपाई उभी राहिली, परावर्तक उघडला आणि स्पीकरवर गाणे लागले की ते ‘शूटिंग’ ठरते. राज्य शासनाने शासकीय जागांवरील चित्रीकरणासाठी गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी सांभाळणाऱ्या महामंडळामार्फत एक खिडकी व्यवस्था केली आहे. तिची माहिती प्रथम घ्यावी, आणि ज्या हद्दीत चित्रीकरण आहे तेथील पोलीस ठाण्याला महाविद्यालयाच्या पत्रासह आधी कळवून ठेवावे. प्राचार्यांच्या किंवा विभागप्रमुखांच्या सहीचे, तारीख आणि विद्यार्थ्यांची नावे असलेले पत्र प्रत्येक गटाच्या खिशात असलेच पाहिजे.

रेल्वेचे नियम निराळे आहेत. चर्चगेटकडील मार्ग पश्चिम रेल्वेच्या आणि सीएसएमटीकडील मार्ग मध्य रेल्वेच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे फलाटावर किंवा डब्यात चित्रीकरणासाठी त्या त्या रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे अर्ज करावा लागतो. रुळांवर उतरण्याचा किंवा दारात लोंबकळण्याचा शॉट परवानगी मागूनही घेऊ नये. तो गुन्हा आहे आणि जिवावर बेतणारा आहे. कान्हेरीच्या लेण्यांसाठी पुरातत्त्व खाते आणि लेणी राष्ट्रीय उद्यानात असल्यामुळे वन विभाग, असा दुहेरी विचार करावा लागतो. ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यासारख्या बंदराच्या परिसरात बिनपरवानगी कॅमेरा काढू नये. ड्रोनचा मोह तर सरळ सोडून द्यावा : विमानतळ आणि नौदलाची ठाणी यांमुळे शहराचा मोठा भाग निर्बंधित आहे आणि पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघत असतात. उंचावरून दृश्य हवेच असेल तर एखाद्या सोसायटीची गच्ची सेक्रेटरींच्या लेखी परवानगीने मिळवावी.

खासगी जागांत परवानगीपेक्षा रीत महत्त्वाची ठरते. चाळीच्या गॅलरीत चित्रीकरण करायचे तर केवळ खोलीमालकाची संमती पुरत नाही, कारण गॅलरी सर्वांची असते. आदल्या आठवड्यात जाऊन मजल्यावरच्या काका-काकूंशी बोलावे, पाण्याची वेळ विचारून घ्यावी आणि ती टाळावी, दुपारच्या जेवणानंतरच्या वामकुक्षीच्या वेळी मोठ्याने गाणे लावू नये. पडद्यावर ओळखू येईल अशा प्रत्येक व्यक्तीकडून लेखी संमती घ्यावी आणि १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत ती पालकांकडून घ्यावी. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकावर कायद्याने बंदी असल्यामुळे रात्रीच्या उघड्यावरील दृश्यांत गायिकेला कानात इअरफोन लावून गाणे ऐकवण्याची तयारी ठेवावी आणि तो केसांआड कसा लपेल हेही आधीच पाहून ठेवावे.

समुद्रकिनाऱ्याची निवड करणाऱ्यांनी भरतीचे वेळापत्रक वापरायला शिकावे. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि रोज भरतीची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे शनिवारी सायंकाळी पाच वाजता जेथे वाळू होती तेथे पुढच्या शनिवारी त्याच वेळी गुडघाभर पाणी असू शकते, आणि अर्धे गाणे एका शनिवारी व अर्धे दुसऱ्या शनिवारी चित्रित केले तर ते लपत नाही. पावसाळ्यातील मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका जाहीर करते. त्या दिवशी किनारा पूर्णपणे वर्ज्य मानावा. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास होतो, म्हणून संध्याकाळच्या सोनेरी उजेडाचे दृश्य दिवाळीनंतर ठेवले तर दुपारी साडेचारला सर्वांनी तयार असले पाहिजे. मे महिन्याच्या मध्यावर सूर्य मुंबईत भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात आणि चेहरे थकलेले दिसतात. त्या दिवसांत अकरा ते चार हा वेळ घरातल्या दृश्यांना द्यावा. पर्यायी दिवस आणि पर्यायी जागा वेळापत्रकात लेखी असाव्यात. जून ते सप्टेंबरमध्ये तर छप्पर असलेली जागा हीच मुख्य योजना धरावी आणि उघड्यावरची दृश्ये मिळाली तर मिळाली असे मानावे.

माणसे, साहित्य, खर्च

पाच-सहा जणांचा गट पुरतो, मात्र प्रत्येकाचे काम एकच असावे. दिग्दर्शन आणि छायाचित्रण एकाच मुलाकडे दिले तर अभिनयाकडे कोणी पाहत नाही. कंटिन्युइटी, म्हणजे ओढणी कोणत्या खांद्यावर होती आणि ट्रंकेचे कुलूप उघडे होते की बंद, याची फोनवर छायाचित्रे काढत राहणारी एक व्यक्ती अवश्य नेमावी. कॅमेरा आणि दिवे अंधेरी-गोरेगावकडे भाड्याने मिळतात, पण सावलीच्या बाजूने धरलेली थर्माकोलची पांढरी शीट आणि खिडकीवर लावलेले काळे कापड यांनीही पुष्कळ काम भागते. खर्चाच्या यादीत विद्यार्थी विसरतात त्या बाबी म्हणजे जेवण, प्रवास, छोट्या हत्तीचे (सामानाच्या लहान टेम्पोचे) भाडे, हार्ड डिस्क आणि कव्हरची छपाई. एकूण रकमेच्या दहा टक्के अडीअडचणीसाठी बाजूला ठेवावेत.

तांत्रिक चाचणी

चित्रीकरणाच्या आधी एक संध्याकाळ केवळ चाचणीला द्यावी. आपल्याकडील वीजप्रवाह ५० हर्ट्‌झचा असल्यामुळे ट्यूबलाइटखाली सेकंदाला ३० फ्रेमच्या वेगाने आणि न जुळणाऱ्या शटरने (म्हणजे प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडू देण्याच्या वेळेने) घेतलेल्या दृश्यात लकाकी किंवा सरकते पट्टे दिसू शकतात. २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवल्यास ही अडचण बहुधा टळते. स्वस्त एलईडी दिव्यांची मात्र स्वतंत्र परीक्षा घ्यावी.

लिपसिंकसाठी, म्हणजे गाण्याबरहुकूम ओठ हलवण्यासाठी, गाण्याच्या आधी तीन टिकटिक आवाज जोडलेली फाइल तयार करावी, म्हणजे गायिकेला सुरुवात कळते आणि संकलकाला जुळवणीची खूण मिळते. कॅमेऱ्यावरचा आवाज बंद करू नये. तो शेवटी वापरायचा नसला तरी त्याच्याच आधाराने गाणे जुळवले जाते. ध्वनीला १४ मीटर जायला साधारण एका फ्रेमएवढा वेळ लागतो, त्यामुळे मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर गायिका आणि स्पीकर लांब आणि कॅमेरा रस्त्यापलीकडे असेल, तर कॅमेऱ्यातला आवाज दोन-तीन फ्रेम मागे पडतो आणि संकलनात तेवढे सरकवावे लागते. संथगतीची दृश्ये हवी असतील तर आणखी एक फाइल लागते : सेकंदाला ५० फ्रेमने चित्रित करून २५ ने दाखवायचे असेल तर चित्रीकरणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवावे लागते आणि गायिकेला त्या वेगाने ओठ हलवण्याचा सराव करावा लागतो. वरवर विनोदी वाटणारा हा सराव आधी केला नाही तर सेटवर तास वाया जातो.

डेटाचा हिशेबही आधीच करावा. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रमुद्रण करणारा कॅमेरा एका मिनिटात सुमारे ७५० मेगाबाइट जागा खातो. त्याच दिवशी दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती करून, त्या उघडून पाहून, मगच कार्ड रिकामे करावे.

कव्हर प्रत्यक्ष तयार करताना

देवनागरीच्या बाबतीत दोन तांत्रिक गोष्टी सांभाळल्या की निम्मी संकटे टळतात. फोटोशॉपमध्ये मजकुराची मांडणी ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ या पर्यायावर ठेवली नसेल तर जोडाक्षरे तुटतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. छापून आलेली अशी कव्हरे आजही दिसतात. दुसरे, इंग्रजी शीर्षकांत शोभणारे अक्षरांमधले वाढीव अंतर देवनागरीत दिले की शिरोरेखा तुटते, म्हणून ते देऊ नये. वर रफार-मात्रा आणि खाली उकार येत असल्यामुळे दोन ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा अधिक जागा सोडावी लागते. टंक (फॉन्ट) वापरायचा असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले मुक्ता, बालू यांसारखे मुक्त परवान्याचे टंक निर्धास्तपणे वापरता येतात. शीर्षक मात्र हाताने लिहून, स्कॅन करून घेतले तर उत्तम, कारण तेच अक्षर व्हिडिओच्या सुरुवातीला, कव्हरवर आणि प्रसिद्धीच्या पोस्टरवर नेता येते.

डिजिटल कव्हरवर संकेतस्थळाचा पत्ता, किंमत किंवा समाजमाध्यमावरील नाव टाकू नये, स्ट्रीमिंग सेवा ते नाकारतात. छापील डिजिपॅक (सीडीचे पुठ्ठ्याचे घडीचे वेष्टन) करायचा असेल तर पुढची बाजू, मागची बाजू, आतील पाने आणि कण्यावरील मजकूर यांची मांडणी आधी कोऱ्या कागदाची डमी घडी घालून ठरवावी. मागे गाण्यांची यादी आणि कालावधी, हक्कांची ओळ आणि बारकोडची जागा येते. छपाईची फाइल सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या) रंगांत, ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) आणि चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा कड, सोडून द्यावी. पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर मावळतो हे लक्षात घेऊन एक नमुना आधी छापून पाहावा. प्रेसवाल्याकडे तुमचा टंक असेलच असे नाही आणि अनेक ठिकाणी अजून श्रीलिपी या सॉफ्टवेअरचे जुने टंक चालतात, म्हणून अक्षरे आऊटलाइनमध्ये (म्हणजे टंकाची गरज न उरणाऱ्या आकारांत) रूपांतरित करूनच पीडीएफ पाठवावी.

तयार कव्हर फोनवर अगदी लहान करून, हात लांब करून पाहावे. त्या आकारात गाण्याचे नाव वाचता आले नाही तरी चालते, कारण ते शेजारी लिहिलेले असते. ट्रंक मात्र ट्रंकच दिसली पाहिजे. श्रेयनामावलीतील प्रत्येक नाव त्या त्या व्यक्तीकडून देवनागरीत लिहून घ्यावे आणि व्हिडिओ, कव्हर व अहवाल या तिन्ही ठिकाणी त्याच ऱ्हस्व-दीर्घासह वापरावे. छपाईला देण्यापूर्वी ही यादी गटाबाहेरच्या एखाद्या व्यक्तीकडून तपासून घ्यावी.